टायर एका मैलात किती फेऱ्या घेतो : ७०७, ७३० की ७७१?

टेक्सासमध्ये राहणाऱ्या एका मराठी वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या गाडीला २२५/६५ आर १७ या मापाचे टायर आहेत. ते झिजत आल्यामुळे त्याच रिमवर २३५/६५ आर १७ बसवावेत, असा त्यांचा विचार आहे. कापलेले अंतर मोजणाऱ्या ओडोमीटरवर त्याचा काय परिणाम होईल हे आधी पाहावे, म्हणून टायर एका मैलात किती फेऱ्या घेतो याचा हिशेब त्यांनी मांडला. साइडवॉलवरच्या, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवरच्या, मापावरून उत्तर ७०७ आले. खात्री करून घेण्यासाठी त्यांनी हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, मध्यापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजले. ते ३३२ मिलिमीटर भरले आणि तीच त्रिज्या धरल्यावर उत्तर ७७१ आले. टायर कंपनीच्या तक्त्यात मात्र ७३० छापलेले आहे. या तिन्हींपैकी खरा आकडा कोणता, आणि जीपीएसवर ताशी ७० मैल असताना गाडीचा काटा साधारण साडेबहात्तर दाखवतो, त्याचे कारण यातच आहे का, असे त्यांनी विचारले आहे.

आधी उत्तर सांगतो आणि मग कारणे. तक्त्यातला ७३० हा आकडा खऱ्याच्या सर्वांत जवळचा आहे. आपले दोन्ही गुणाकार-भागाकार अचूक आहेत, त्यामुळे चूक शोधत बसण्याची गरज नाही. अडचण एवढीच आहे की पहिल्या हिशेबात आपण जमिनीला न टेकलेल्या टायरचा घेर काढलात आणि दुसऱ्यात उभ्या गाडीखाली दबलेल्या टायरची उंची मोजलीत. आपल्याला हवे आहे ते वेगळेच माप : वजन पेलत पुढे जाणारे चाक एका पूर्ण फेरीत रस्त्यावर किती लांबी कापते. पुण्यात वाहन चाचणीच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आणि टीएसडी रॅलींमध्ये, म्हणजे ठरवून दिलेल्या सरासरी वेगाने नेमक्या वेळी अंतर कापायच्या स्पर्धांमध्ये, मी नॅव्हिगेटर म्हणून बसत आलो आहे. या दोन्ही ठिकाणी अंतराचा सगळा हिशेब याच एका लांबीवर उभा असतो, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो.

पहिला हिशेब इतर वाचकांसाठी मांडून ठेवतो. २२५ ही मिलिमीटरमधली रुंदी. साइडवॉलची उंची तिच्या ६५ टक्के, म्हणजे १४६.२५ मिमी. ती वर आणि खाली अशी दोनदा धरली की २९२.५ मिमी होते. रिमचा व्यास १७ इंच, म्हणजे ४३१.८ मिमी. बेरीज ७२४.३ मिमी, हा टायरचा बाहेरचा व्यास. त्याला पायने (π) गुणले की घेर २२७५ मिमी येतो. मैल म्हणजे १६०९.३४४ मीटर, त्याला या घेराने भागले की ७०७. इंटरनेटवरची बहुतेक टायर कॅल्क्युलेटर नेमके एवढेच करतात आणि म्हणून तीही ७०७ सांगतात.

हा व्यास नाममात्र असतो, ही पहिली मर्यादा. साइडवॉलवर जे छापलेले असते ते एका प्रमाणित कुटुंबाचे नाव असते, त्या विशिष्ट टायरचे मोजमाप नसते. त्याच मापाचे दोन कंपन्यांचे टायर शेजारी उभे केले तर व्यासात काही मिलिमीटरचा फरक सहज दिसतो, आणि एकाच कंपनीच्या महामार्गाच्या व खडबडीत रस्त्याच्या टायरमध्येही ट्रेडच्या, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या खाचांच्या थराच्या, खोलीमुळे तो येतो. पण ७०७ आणि ७३० यांमध्ये तीन टक्क्यांहून अधिक अंतर आहे. उत्पादनातल्या फरकाने एवढी तफावत पडत नाही. तिचे खरे कारण टायरच्या पोटात आहे.

आजच्या मोटारींच्या रेडियल टायरमध्ये ट्रेडच्या रबराखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. ते टायरभोवती कड्यासारखे बसवलेले असतात आणि त्यांची लांबी ताणाने किंवा दाबाने जवळजवळ बदलत नाही. रबर दबते, साइडवॉल फुगते, तळाशी टायर चपटा होतो, पण हे पोलादी कडे आपला घेर सोडत नाही. चाकाच्या प्रत्येक फेरीत ते सगळे कडे एकदा जमिनीवरून जावे लागते. रस्त्याच्या कामावरचा पोकलेन आठवून पाहा. त्याचा पट्टा वर सैल असो, खाली सपाट असो, आतल्या चाकांची उंची काहीही असो, पट्टा एक पूर्ण फेरा फिरला की यंत्र पट्ट्याच्या लांबीइतकेच पुढे जाते. रेडियल टायरचे वागणे बऱ्याच अंशी तसेच आहे.

आता हे कडे बाहेरच्या पृष्ठभागापासून किती आत असते ते पाहू. नव्या टायरमध्ये ट्रेडच्या खाचा साधारण ८ मिमी खोल असतात आणि त्यांच्या तळाखाली आणखी दोन-तीन मिमी रबर असते. म्हणजे पट्टा पृष्ठभागापासून सुमारे ११ मिमी आत आहे असे धरू. बाहेरची त्रिज्या ३६२ मिमी, तर पट्ट्याची ३५१ मिमी. तिचा घेर २२०५ मिमीच्या आसपास येतो आणि मैलाला फेऱ्या येतात सुमारे ७३०. तक्त्यातला आकडा असा थेट समोर येतो, हे मला आजही फार समाधानाचे वाटते. अर्थात हे पहिले अनुमान आहे. प्रत्यक्षात जमिनीला टेकलेल्या भागात ट्रेडचे ठोकळे दबतात, थोडे सरकतात, पट्टाही किंचित वाकतो आणि उत्तर थोडे इकडेतिकडे होते. पण मुख्य कारण तेच.

याच दृष्टीने आपला दुसरा हिशेब का फसतो हेही उलगडते. हबखालची ३३२ मिमी ही उंची फक्त एका जागेची, टायर जिथे जमिनीवर चपटा झाला आहे तिथली. बाकी सगळीकडे त्रिज्या ३६० च्या घरात आहे. टायर खरोखर ३३२ मिमी त्रिज्येच्या घन चाकासारखा फिरला असता, तर एका फेरीत त्याने २०८६ मिमी अंतर कापले असते. म्हणजे पोलादी पट्ट्याला जमिनीवरून जाताना पाच टक्क्यांहून अधिक आखडावे लागले असते. पोलाद तसे आखडत नाही. म्हणून खरे उत्तर मोकळ्या आणि दबलेल्या त्रिज्येच्या मधे कुठेतरी असते, आणि ते मोकळ्या त्रिज्येकडे अधिक झुकलेले असते.

किती झुकलेले, याचा एक जुना ठोकताळा चाचणीच्या कामात वापरला जातो : मोकळ्या त्रिज्येतून दबलेल्या अंतराचा एक तृतीयांश वजा करायचा. आपल्या टायरचे दबणे ३६२ वजा ३३२, म्हणजे ३० मिमी. त्याचा एक तृतीयांश १० मिमी. उरली ३५२ मिमी. तिच्यावरून मैलाला ७२७-७२८ फेऱ्या येतात. आपण मोजलेली ३३२ मिमीची उंची त्यामुळे वाया गेलेली नाही, फक्त ती थेट त्रिज्या म्हणून वापरता येत नाही.

तिसरा मार्ग प्रमाण संस्थांचा. युरोपियन टायर अँड रिम टेक्निकल ऑर्गनायझेशन ही संस्था रेडियल टायरच्या चालत्या घेरासाठी बाहेरच्या व्यासाला ३.०५ ने गुणायला सांगते. पाय म्हणजे ३.१४१६. त्याऐवजी ३.०५ घेतले की घेर २.९ टक्क्यांनी कमी येतो. आपल्या ७२४.३ मिमी व्यासाला हा गुणक लावला की २२०९ मिमी, आणि मैलाला ७२८.५ फेऱ्या, म्हणजेच किलोमीटरला सुमारे ४५३. आतले धाग्यांचे थर आडवे-तिरपे असलेल्या जुन्या पद्धतीच्या बायस टायरसाठी हाच गुणक २.९९ आहे, कारण त्यांच्यात घेर धरून ठेवणारे पोलादी कडे नसते आणि वजनाखाली ते अधिक आखडतात. तीन वेगळ्या वाटांनी आपण ७२७ ते ७३० या पट्ट्यात पोहोचलो, आणि तक्ताही तिथेच आहे. यापुढे कागदावरून उत्तर हवे असेल तेव्हा पायच्या जागी ३.०५ घ्या, एवढे मी निःशंकपणे सांगेन.

तरीही हा आकडा दगडावर कोरलेला नाही. तो कशाकशाने हलतो हे माहीत असावे.

सर्वांना आधी हवेचा दाब आठवतो. रेडियलमध्ये त्याचा परिणाम बहुतेकांना वाटतो त्यापेक्षा बराच कमी असतो. हवा कमी झाली की हब खाली येते, टायर बसल्यासारखा दिसतो, पण पट्ट्याची लांबी तीच राहते आणि फेऱ्यांमधला फरक सहसा एका टक्क्याच्या आत राहतो. ज्या गाड्यांमध्ये टायरच्या आत दाबाचे सेन्सर नसतात आणि चाकांच्या गतीतल्या फरकावरून कमी हवेचा इशारा दिला जातो, त्यांना हाच बारीक फरक पकडावा लागतो. म्हणूनच हवा भरल्यावर त्या यंत्रणेचे बटण दाबून तिला नवा आधार शिकवावा लागतो. हवामानाचा परिणामही या दाबातूनच येतो : तापमान १० अंश फॅरनहाइटने बदलले की दाब साधारण १ पीएसआयने बदलतो. टेक्सासच्या उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात यामुळे काही पीएसआयचा फरक पडेल, पण ओडोमीटरच्या दृष्टीने तो नगण्य आहे.

वजनाचेही तसेच. मागे चार माणसे आणि सामान बसवल्यावर हब खाली आलेला डोळ्यांना दिसतो, फेऱ्या मात्र थोड्याच वाढतात. वेगाने टायर किंचित फुगतो, पण पोलादी पट्टा तेही रोखून धरतो आणि महामार्गाच्या वेगापर्यंत तो परिणाम लहानच राहतो.

झीज मात्र दुर्लक्ष करण्याजोगी नाही. नवा ट्रेड ८ मिमीचा आणि टायर बदलण्याची वेळ १.६ मिमीवर, म्हणजे अमेरिकेतल्या भाषेत २/३२ इंचावर. आपल्याकडेही मोटारीसाठी १.६ मिमी हीच मर्यादा आहे. त्रिज्या ६.४ मिमीने घटली की व्यास १२.८ मिमीने घटतो, म्हणजे १.८ टक्के. चालत्या घेरातली घट यापेक्षा काहीशी कमी राहते, कारण पट्ट्याची लांबी झिजत नाही. पण ती शून्य नसते, कारण जमिनीला टेकणारे रबरच पातळ झालेले असते. रॅलीत नवे टायर घालून आलेली गाडी आणि जुन्या टायरवर आलेली गाडी यांचे ट्रिपमीटर, म्हणजे टप्प्याचे अंतर मोजणारी यंत्रे, एकच गुणांक चालवू शकत नाहीत, ते यामुळेच.

आणखी एक गोष्ट सहज विसरली जाते. इंजिनाने फिरवलेले चाक रस्त्यावर अगदी थोडे घसरत पुढे जाते. डोळ्यांना ते कधीच दिसत नाही, पण त्यामुळे इंजिनाने फिरणारी चाके मोकळ्या चाकांपेक्षा मैलाला काही फेऱ्या जास्त घेतात. चढावर आणि जोराने वेग घेताना हे वाढते. म्हणून रॅलीच्या गाडीत ट्रिपमीटरचा सेन्सर शक्यतो न चालवल्या जाणाऱ्या चाकावर बसवतात, आणि आपणही मोजणी तिथेच करावी.

आता मोठ्या टायरचा प्रश्न. इथे मी आपली चिंता बरीच कमी करू शकतो, कारण दोन टायरची तुलना करताना गुणक पाय घेतला काय किंवा ३.०५ घेतला काय, तो वरखाली दोन्हीकडे येऊन निघून जातो. २३५/६५ आर १७ ची साइडवॉल १५२.७५ मिमी, व्यास ७३७.३ मिमी. जुन्या ७२४.३ शी त्याचे गुणोत्तर १.०१८. म्हणजे मोठा टायर मैलाला १.८ टक्के कमी फेऱ्या घेईल : ७२८.५ च्या ऐवजी सुमारे ७१६. महाराष्ट्रातल्या वाचकांना हे माप टाटा हॅरियर किंवा महिंद्रा एक्सयूव्ही ५०० वरून ओळखीचे असेल. तुलनेसाठी साइडवॉलवरचे गणित पुरेसे आहे, त्यासाठी कुठलाही तक्ता शोधण्याची गरज नाही. मुख्य गल्लत होते ती तक्त्यातला एक आकडा आणि स्वतः काढलेला दुसरा आकडा यांची तुलना केल्याने. जुन्या टायरचे स्वतः काढलेले ७०७ आणि नव्याचे तक्त्यातले ७१६ शेजारी ठेवले, तर मोठा टायर जास्त फेऱ्या घेतो असे उफराटे उत्तर मिळेल. दोन्ही आकडे एकाच रीतीने काढलेले असले पाहिजेत, हे आवर्जून पाहा.

गाडीच्या संगणकात चाकाच्या फेऱ्यांवरून अंतर काढण्याचा एक स्थिरांक साठवलेला असतो. एबीएसचे, म्हणजे ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे, सेन्सर चाकाबरोबर फिरणाऱ्या दातेरी किंवा चुंबकी कड्यावरचे खंड मोजतात आणि त्यांवरून वेग व अंतर दोन्ही ठरतात. टायर मोठा झाला हे संगणकाला कळत नाही. आपण खरे १०० मैल गेलात की ओडोमीटर आताच्या तुलनेत ९८.२ दाखवेल. यातून एक दुय्यम गैरसमज होतो, तो आधीच सांगून ठेवतो : भरलेले पेट्रोल आणि ओडोमीटरचे मैल यांवरून मायलेज काढलेत, तर ते टायर बदलल्यावर १.८ टक्के कमी दिसेल आणि मोठ्या टायरने गाडी जास्त पेट्रोल पिते असे वाटेल. जड टायरमुळे थोडी घट खरीही असू शकते, पण हे १.८ टक्के निव्वळ मोजणीचे आहेत. ते आधी भरून काढा आणि मग मत बनवा.

काट्याचा प्रश्न मात्र पूर्ण वेगळा आहे. ओडोमीटर आणि स्पीडोमीटर एकाच सेन्सरवरून चालत असले, तरी काट्यावर उत्पादक जाणूनबुजून थोडा वेग जास्त दाखवतात. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ३९ प्रमाणे काटा खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू शकत नाही, आणि जास्त दाखवण्याची मुभा खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ताशी ४ किलोमीटर इतकी आहे. हा नियम ज्या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतो त्यात अमेरिका सहभागी नाही, पण जगभर विकल्या जाणाऱ्या मोटारींच्या रचनेत हीच सावधगिरी तिथेही दिसते. कारखान्याला नवा टायर, झिजलेला टायर, थोडे मोठे पर्यायी माप या सगळ्यांसाठी एकच काटा लावायचा असतो आणि कुठल्याही परिस्थितीत तो कमी दाखवता कामा नये. म्हणून तो पुढे झुकवून ठेवला जातो. ७० ला साडेबहात्तर हे त्याच झुकण्याचे माप आहे, त्यावरून टायरच्या फेऱ्या चुकल्या असा निष्कर्ष काढू नये. मोठा टायर बसवल्यावर खऱ्या ७० ला काटा साधारण ७१.२ दाखवेल. म्हणजे काटा अजूनही सुरक्षित बाजूला राहील, हे आपल्या बाबतीत समाधानाचे आहे. काही गाड्यांचा काटा मुळातच खऱ्या वेगाच्या अगदी जवळ असतो, आणि तिथे तीन-चार टक्के मोठा टायर बसवला तर काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवू लागतो. ते मी कधीही मान्य करणार नाही.

आता प्रत्यक्ष मोजणी. कागदावरचे सगळे गुणक शेवटी कुणीतरी कधीतरी मोजूनच काढलेले आहेत, आणि आपल्या गाडीचा आकडा आपल्याला अर्ध्या तासात मिळू शकतो.

दारावरच्या स्टिकरवर दिलेल्या दाबाइतकी हवा थंड टायरमध्ये भरा. रविवारी रिकामे असणारे एखादे सपाट पार्किंग गाठा. उतार आहे का हे पाहायला जमिनीवर गोल बाटली आडवी ठेवली तरी पुरते. चालक जागेवर बसलेला हवा, कारण आपल्याला चालत्या गाडीचे वजन हवे आहे. न चालवल्या जाणाऱ्या चाकाच्या साइडवॉलवर, जमिनीला टेकलेल्या जागेच्या बरोबर वर, मास्किंग टेपची अरुंद पट्टी चिकटवा. पट्टी ठीक खाली आहे हे डोळ्याने ठरवू नका. चाकावरच्या कमानीवरून ओळंबा सोडा, त्याची दोरी हबच्या मध्यावरून जाऊ द्या आणि दोरी व पट्टी एका रेषेत येईपर्यंत गाडी इंच-इंच सरकवा. तिथे जमिनीवर खडूने आडवी रेघ ओढा. मग गाडी सरळ रेषेत, स्टिअरिंग न हलवता, अगदी संथ पुढे न्या आणि पट्टी खाली येण्याच्या वेळा मोजा. दहाव्या वेळी पुन्हा ओळंबा लावून दुसरी रेघ. शक्य असेल तर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून दोघांनी ढकलावी. ते जास्त स्वच्छ होते आणि चाक मध्येच थांबवणेही सोपे जाते.

दोन रेघांमधले अंतर शंभर फुटी टेपने मोजा. टेप जमिनीवर सपाट आणि ताठ असावी, झोळ पडलेला नको. आपल्या टायरसाठी ते साडेबहात्तर फुटांच्या आसपास भरेल. ५२,८०० ला त्या फुटांनी भागले की मैलाला फेऱ्या मिळतात : ५२,८०० भागिले ७२.४८ म्हणजे ७२८.५. रेघ अर्धा इंच चुकली तरी उत्तरात अर्ध्या फेरीहूनही कमी फरक पडतो, इतकी ही रीत भरवशाची आहे. एकच फेरी मोजणारे लोक मात्र तोच अर्धा इंच दहापटीने भोगतात. हीच मोजणी उलट दिशेनेही करा आणि सरासरी घ्या, म्हणजे राहिलेला थोडा उतारही निघून जाईल. ढकललेल्या आणि महामार्गावरच्या वेगातल्या आकड्यात थोडा फरक राहतो, पण रेडियलमध्ये तो आपल्या कामाच्या आड येत नाही.

ओडोमीटरचा स्थिरांक तपासायला यापेक्षा लांब अंतर लागते. इंटरस्टेटवरचे मैलांचे फलक यासाठी चांगले आहेत, पण दहा मैलांत समाधान मानू नका. ओडोमीटरचा शेवटचा आकडा दशांश मैलाचा असतो. दहा मैलांत त्या एका आकड्याची चूक म्हणजे एक टक्का झाला, आणि आपण ज्या १.८ टक्क्यांचा शोध घेत आहोत त्याच्या अर्ध्याहून अधिक तिथेच गेला. पन्नास मैलांत हीच चूक ०.२ टक्क्यांवर येते. फलक कुठे तरी रस्ता वळवल्यामुळे एका जागी चुकलेला असू शकतो, लांब अंतरात तेही विरून जाते. महाराष्ट्रात मी हीच गोष्ट किलोमीटरच्या दगडांच्या बाबतीत सांगतो. रस्ता रुंद करताना आणि वळणे सरळ करताना दगड हलतात, म्हणून दोन दगडांच्या मधल्या एका किलोमीटरवर कधीच विसंबू नये. जीपीएसचे अंतर वापरायचे असेल तर सरळ, मोकळा रस्ता निवडा. घाटात जीपीएस वळणांचे कोपरे छाटते आणि अंतर कमी भरते. चढाचा दोष मात्र लोक उगाच मोठा धरतात : विसास एक इतक्या चढावरही रस्त्याची खरी लांबी नकाशावरच्या लांबीपेक्षा जेमतेम सव्वा दशांश टक्का जास्त असते.

टीएसडी रॅलीत आयोजक आपल्या गाडीने मोजलेला एक टप्पा सुरुवातीला देतात आणि प्रत्येक नॅव्हिगेटर त्यावरून आपला ट्रिपमीटर जुळवतो. तिथे आयोजकाचा किलोमीटर खरा आहे की नाही हा प्रश्नच नसतो, त्याच्या किलोमीटरशी आपला जुळला पाहिजे एवढेच. ट्रकवाल्यांचे काम याहून काटेकोर. युरोपात ट्रकचा वेग व अंतर नोंदवणाऱ्या टॅकोग्राफच्या पाटीवर टायरचा चालता घेर नोंदलेला असतो, आणि अमेरिकेत ट्रकच्या टायरच्या फेऱ्या मोजण्यासाठी एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेची जे १०२५ ही स्वतंत्र चाचणी आहे. टॅक्सीच्या भाड्याचे मीटरही याच लांबीवर चालते आणि म्हणून आपल्याकडे त्याची तपासणी करून सील केले जाते. जिथे पैसे किंवा कायदा या अंतरावर अवलंबून आहे, तिथे साइडवॉलवरच्या गणितावर कुणीच थांबत नाही.

आपल्या गाडीला चारही चाकांना शक्ती देणारी यंत्रणा आहे का, हे आपण लिहिलेले नाही. असेल तर ओडोमीटरपेक्षा मोठा प्रश्न आहे तो चारही टायर सारखे असण्याचा. समजा पंक्चरमुळे एकच टायर नवा घातला आणि बाकी तिघांपेक्षा त्याचा ट्रेड २/३२ इंचाने जास्त आहे. व्यासात ३.२ मिमीचा फरक पडला, म्हणजे ०.४४ टक्के, म्हणजे मैलाला सुमारे तीन फेऱ्या. ऐकायला हे किरकोळ वाटते, पण पुढच्या-मागच्या चाकांत शक्ती वाटणाऱ्या मधल्या क्लचला किंवा डिफरन्शियलला हा फरक सरळ रस्त्यावरही प्रत्येक मैलाला सतत पचवावा लागतो, आणि तो तापण्याच्या व झिजण्याच्या रूपाने बाहेर येतो. किती फरक चालेल हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. ती मर्यादा पाळा आणि चारही टायर एकदम बदला, असा माझा आग्रह राहील. एकाच मापाचे, पण दोन कंपन्यांचे टायर पुढे-मागे मिसळण्यालाही माझा विरोध याच कारणाने आहे.

मापाबाबत आणखी दोन गोष्टी बघून घ्या. २३५ चा टायर आपल्या रिमच्या रुंदीवर चालतो का हे टायर कंपनीच्या माहितीत दिलेले असते. आणि व्यास १३ मिमीने वाढला म्हणजे गाडी साडेसहा मिमी वर जाईल, शिवाय स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या प्लास्टिकच्या आवरणाला घासत नाही हे दुकानातच, गाडी खाली उतरवल्यावर, दोन्ही बाजूंना वळवून तपासले पाहिजे.

काही गाड्यांत स्कॅन टूलने, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडायच्या उपकरणाने, टायरचे माप किंवा मैलाच्या फेऱ्या बदलता येतात, काहींत अजिबात येत नाहीत. ते मॉडेलवर अवलंबून आहे आणि आपल्या सर्व्हिस सेंटरला ते विचारावे लागेल. तशी सोय असेल, तर तिथे ७०७ च्या रीतीने काढलेला आकडा घालू नका. तक्त्यातला किंवा दहा फेऱ्यांच्या मोजणीतला घाला. सोय नसेल, तर टायरच्या पावतीवर ओडोमीटरचे वाचन आणि १.०१८ हा गुणांक लिहून ठेवा. त्या वाचनानंतर भरलेले मैल त्याने गुणले की खरे अंतर हाती येईल, फक्त सध्याचा ओडोमीटर मुळात किती खरा आहे हे माहीत असले पाहिजे. ते कळण्याची संधी जुने टायर गाडीवर आहेत तोवरच आहे, म्हणून पन्नास मैलांची ती तपासणी आणि दहा फेऱ्यांची मोजणी दुकानात जाण्याआधीच्या रविवारी उरकून घ्या.